चारित्र्याचा हिशेब कोणी मांडायचा?

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरात दोन साहित्य संमेलने भरली. एक सत्त्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आणि दुसरे त्याच्या विरोधात उभे राहिलेले विद्रोही. अखिल भारतीय संमेलनाच्या नगरीला साने गुरुजींचे नाव दिले होते, यात नवल काहीच नव्हते. अमळनेरात मांडव कोणाचाही असो, गुरुजींचे नाव घेतल्यावाचून तो पुरा होत नाही. दर वर्षी ११ जून आणि २४ डिसेंबर या दोन दिवशी खानदेशात त्यांच्या तसबिरींना हार चढतात. हार चढविणाऱ्यांत गुरुजींच्या मार्गाशी ज्यांचा सुतराम संबंध नाही असे पुढारीही असतात. त्यांच्याविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. प्रश्न आहे तो स्वतःला गुरुजींचे वारस म्हणविणाऱ्या समाजवादी कार्यकर्त्यांचा.

या कार्यकर्त्यांत गुरुजींच्या नावाचे दोन उपयोग रूढ झाले आहेत. व्यासपीठावर सांगितले जाते की गुरुजी संत होते, त्यांच्यासारखे होणे कोणाला शक्य नाही. सभा संपल्यावर चहाच्या टपरीवर तीच मंडळी म्हणतात की गुरुजींचे दिवस गेले. आता राजकारण करायचे तर हात थोडेफार मळणारच. पहिल्या वाक्यात भक्ती आहे आणि दुसऱ्यात व्यवहारज्ञान, असे वरवर वाटते. वस्तुतः दोन्ही वाक्ये एकच काम करतात: बोलणाऱ्याची जबाबदारीतून सुटका करतात. एखाद्याला संत म्हटले की त्याच्या आचरणाचा आपल्या आचरणाशी संबंध तुटतो. महाराष्ट्राने ही युक्ती फार जुन्या काळापासून वापरली आहे आणि समाजवादीही तिला अपवाद ठरलेले नाहीत.

म्हणून प्रश्न सरळ विचारावयास हवा. कार्यकर्त्याने स्वतःला सामान्य माणसापेक्षा कडक निकष लावावेत काय? लावावेत, असेच त्याचे उत्तर आहे. परंतु तेवढ्या उत्तराने भागत नाही. निकष कोण ठरवतो, तो पाळला जातो की नाही हे कोण पाहतो आणि त्याची किंमत कोणाच्या ताटातून वजा होते, हे तीन प्रश्न चळवळीने आजवर टाळले आहेत. उंच निकषांचे जे लाभ झाले ते चळवळीच्या पदरात पडले. जो तोटा झाला तो मात्र एकेका माणसाने व त्याच्या घरच्यांनी मुकाट्याने सोसला. ही वाटणी समाजवादी म्हणता येण्यासारखी नाही.

प्रथम लाभाचे पाहू. पांडुरंग सदाशिव साने हा कोकणातील पालगडचा माणूस अमळनेरला आला तो प्रताप शेटजींच्या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास करण्यासाठी. १९१६ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत राहून शांकरभाष्यावर आयुष्य काढणे अशक्य नव्हते. त्यांनी १९२४ साली खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षकाची नोकरी धरली आणि वसतिगृह सांभाळले. मुलांच्या खोल्या स्वतः झाडणे, त्यांचे अस्ताव्यस्त सामान लावून ठेवणे, आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढणे, या गोष्टी विद्यार्थ्यांच्या आठवणींत पुनःपुन्हा येतात. सहा वर्षे हे चालले. १९३० साली शाळा सोडून ते सत्याग्रहात गेले, आणि त्यानंतर खेड्यापाड्यांत त्यांची सभा म्हटली की दारे उघडी होत, याचे कारण त्या सहा वर्षांत आहे. ज्या घरातील मुलगा अमळनेरच्या वसतिगृहात राहून आला होता, त्या घराला गुरुजींची ओळख करून द्यावी लागत नव्हती. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. त्याच्या तयारीसाठी गुरुजी पूर्व खानदेशात गावोगाव हिंडले तेव्हा त्यांच्या मागे पैसा नव्हता, जातीचे पाठबळ नव्हते, पद नव्हते. होता तो विश्वास. संघटनशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर वैयक्तिक आचरण हे त्यांचे भांडवल होते, आणि ते कोणाच्याही श्रमातून ओरबाडलेले नव्हते.

व्यवहारवाद्यांचा यावर एक ठरलेला आक्षेप असतो. असले निकष म्हणजे पोटभर जेवलेल्या मध्यमवर्गाचा छंद. ज्याला दोन वेळची भ्रांत आहे त्याला चारित्र्याची चैन परवडत नाही. हा आक्षेप खानदेशात तरी कोणी करू नये. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात पश्चिम खानदेशातील तळोदे भागात गुलाम महाराज नावाच्या आदिवासी माणसाने आपल्या लोकांना दारू सोडण्यास व स्वच्छ राहण्यास सांगितले. दर सोमवारी आरतीला हजारो आदिवासी जमू लागले. एकमेकांना ‘आप’ म्हणून आदराने संबोधणारा हा पंथ त्यामुळेच आप धर्म म्हणून ओळखला गेला. ज्यांना सावकार आणि सरकारी शिपाई ‘अरे’शिवाय हाक मारीत नसत, त्यांनी परस्परांना ‘आप’ म्हणणे हा शिष्टाचाराचा प्रश्न नव्हता. दारूवर पोट भरणाऱ्यांना त्यातला अर्थ लगेच कळला. ज्यांच्या अंगावर धड वस्त्र नव्हते त्यांनी स्वतःला लावलेला निकष मक्तेदाराच्या गल्ल्याला जाऊन भिडला होता. याला मध्यमवर्गीय छंद म्हणणाऱ्याने आधी तळोद्याला जाऊन यावे.

तेव्हा निकष हवेत, यात वाद नाही. वाद पुढे आहे.

गुरुजींच्या आयुष्यातील दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे तो स्पष्ट होतो. पहिली पंढरपूरची. १९४६ च्या कार्तिकी एकादशीच्या सुमारास विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषणाचा निर्धार गुरुजींनी जाहीर केला. हा निर्धार सर्वस्वी त्यांचा, एकट्याचा होता. परंतु सहकाऱ्यांनी तो तसा राहू दिला नाही. लोकमत तयार करण्यास अवधी हवा असा त्यांनी आग्रह धरला. उपोषण पुढे ढकलले गेले आणि गुरुजींनी सेनापती बापटांसारख्या सहकाऱ्यांसह, सेवा दलाच्या कलापथकासह महाराष्ट्र पिंजून काढला. गावोगाव मंदिरे, विहिरी खुल्या झाल्या. मग १ मे १९४७ रोजी उपोषण सुरू झाले. ते सोडावे असा सल्ला गांधीजींनी तारेने दिला, तोही गुरुजींनी मानला नाही. १० मे रोजी बडव्यांनी मंदिर खुले करण्याचे मान्य केले आणि उपोषण सुटले. एका माणसाच्या मनातील टोचणीची सहा महिन्यांत लोकचळवळ झाली, ती टोचणी सहकाऱ्यांनी वाटून घेतल्यामुळे.

येथे एक गोष्ट नोंदवून पुढे जावयास हवे. डॉ. आंबेडकरांनी १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली होती आणि काळाराम मंदिराच्या अनुभवानंतर त्यांच्या अनुयायांना देवळाच्या पायरीत फारसा रस उरला नव्हता. गुरुजींचे उपोषण दलितांवर उपकार म्हणून पाहणे, जसे अनेक भाषणांतून आजही पाहिले जाते, हा इतिहासाचा विपर्यास आहे. ते सवर्णांनी सवर्णांसाठी केलेले प्रायश्चित्त होते, आणि तेवढ्यापुरते ते मोठे होते.

दुसरी घटना त्यानंतरची. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. खुनी महाराष्ट्रीय, त्यातही ब्राह्मण, याचा गुरुजींना असह्य क्लेश झाला आणि त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. ज्या पापात त्यांचा अणुमात्र हात नव्हता, त्याचा संपूर्ण भार त्यांनी स्वतःच्या देहावर घेतला. तो कौतुकाचा विषय झाला. या वेळी त्या टोचणीची चळवळ झाली नाही. ती एका माणसाच्या शरीरातच राहिली. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले, आंतरभारतीची कल्पना मांडली, लिहिणे थांबले नाही. पण देशाचे प्रत्येक अपयश स्वतःच्या अपुरेपणाच्या खाती लिहिण्याची सवयही थांबली नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपले जीवन संपविले. वय पन्नास.

त्या मृत्यूचे कारण एका वाक्यात सांगण्याचा प्रयत्न कोणी करू नये. माणसाचे मन इतके सोपे नसते. परंतु चळवळीने त्या मृत्यूचे जे केले त्याबद्दल बोलता येते. तिने त्याला तेज चढविले. देशाची अवस्था न साहवून एका कोमल हृदयाने निरोप घेतला, अशा सुरात तो सांगितला गेला, आणि शाळेतील मुलांपर्यंत तोच सूर पोचला. एक थकलेला, एकाकी झालेला, मदतीची गरज असलेला माणूस त्या तेजात दिसेनासा झाला. आज खानदेशात असे कार्यकर्ते आहेत की ज्यांना रात्र रात्र झोप नाही, जे मोर्चाला माणसे कमी आली तर आपलेच पुण्य कमी पडले असे मानतात, आणि ज्यांना हे कोणाजवळ बोलणे म्हणजे निष्ठा ढळल्याची कबुली वाटते. त्यांना गुरुजींच्या अखेरीची गोष्ट तेज चढवून सांगणे हा अपराध आहे. त्यांना सांगावयाचे ते हे की डॉक्टरकडे जाणे, सहकाऱ्यापाशी मन मोकळे करणे, दोन महिने काम बाजूला ठेवणे यांत कसलाही कमीपणा नाही, आणि तसे सांगण्याचे काम जिल्हा समितीचे आहे.

धुळ्याच्या तुरुंगातील एक प्रसंग येथे आठवल्यावाचून राहत नाही. १९३२ साली, २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात, दर रविवारी एक याप्रमाणे विनोबांनी त्या तुरुंगात गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती उतरून घेतली साने गुरुजींनी. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ अनेक भाषांत गेला तो त्या लेखणीमुळे. फळाची आसक्ती सोडून कर्म करावे, हा त्या प्रवचनांचा गाभा. तो शब्दाशब्दाने कागदावर उतरविणारा माणूस स्वतःच्या बाबतीत मात्र फळ न दिसल्याचा दोष आयुष्यभर स्वतःला देत राहिला. उपदेश कितीही थोर असला तरी तो ऐकून माणसाचा स्वतःशी चाललेला कठोरपणा कमी होत नाही. त्यासाठी ‘आता पुरे’ असे म्हणण्याचा अधिकार असलेली माणसे भोवती लागतात. १९४६ साली ती होती आणि त्यांनी तो अधिकार वापरला.

निकषांचा दुसरा तोटा याच्या नेमका उलट दिशेचा आहे. काही माणसे निकषाचा चाबूक स्वतःच्या पाठीवर ओढतात, काही तो शेजाऱ्याच्या पाठीवर ओढतात. समाजवादी पक्षांचा इतिहास दुसऱ्या प्रकाराने भरलेला आहे. १९४८ साली समाजवादी काँग्रेसमधून बाहेर पडले तेव्हा आचार्य नरेंद्र देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संयुक्त प्रांताच्या विधानसभेतील जागांचे राजीनामे दिले. काँग्रेसच्या चिठ्ठीवर मिळालेली जागा पक्ष सोडल्यावर ठेवणे योग्य नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पोटनिवडणुकीत आचार्य पडले. पक्षांतरबंदीचा कायदा येण्यास तेव्हा सदतीस वर्षांचा अवकाश होता आणि आज तो कायदा असूनही महाराष्ट्रात काय चालले आहे हे सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. त्या पराभवाची लाज समाजवाद्यांनी कधीही बाळगू नये.

पण १९५४ सालचे काय? त्रावणकोर-कोचीनमध्ये पट्टम थाणू पिळ्ळै यांचे प्रजासमाजवादी मंत्रिमंडळ होते. ऑगस्टमध्ये पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. समाजवादी सरकारने निःशस्त्र जमावावर गोळी चालवू नये, आणि चालवली तर पायउतार व्हावे, अशी डॉ. लोहियांनी मागणी केली. मागणी तत्त्वतः अचूक होती. ज्या पक्षाने काँग्रेसच्या प्रत्येक गोळीबाराचा निषेध केला, त्याला स्वतःच्या राज्यात वेगळी मोजपट्टी वापरता येत नाही. तथापि त्यानंतर जे घडले त्यात गोळीबारात मेलेली माणसे हळूहळू मागे पडली आणि कोण किती शुद्ध हा वाद पुढे आला. १९५५ साल सरता सरता पक्ष दुभंगला. पोलिसी बळाच्या वापरावर कोणते बंधन असावे, समाजवादी गृहमंत्र्याने कोणते नियम आधी करून ठेवावेत, या प्रश्नांची टिकाऊ उत्तरे त्या फुटीतून निघाली नाहीत. दोन्ही बाजूंची जिल्ह्याजिल्ह्यांतील माणसे एकमेकांच्या निष्ठा तपासू लागली. धुळे-जळगावचे जुने कार्यकर्ते अजून एकमेकांना ‘तो त्या वेळी कोणाकडे होता’ असे विचारतात, ही त्याच रोगाची शेपटी.

हा रोग केवळ राजकारणाचा नव्हे. धुळे शहरात इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे. १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड एकट्याच्या जिद्दीने छापणारा हा पुरुष. सुखाची, पैशाची, लौकिकाची त्याला पर्वा नव्हती. परंतु ज्या भारत इतिहास संशोधक मंडळाची १९१० साली पुण्यात त्यानेच स्थापना केली त्याच्याशीही त्याचे पटले नाही, आणि अखेरची वर्षे त्याने धुळ्यात काढली. तेथेच १९२६ च्या अखेरच्या दिवशी त्याचा अंत झाला. धुळ्याला ही संपत्ती मिळाली हे धुळ्याचे भाग्य. पण स्वतःच्या मोजपट्टीवर जगाला मोजणारा माणूस संस्था जन्माला घालतो आणि तिच्यात राहू शकत नाही, हेही त्या कथेत आहेच.

मधू लिमयांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे, आणि त्यांचा धुळ्याशी संबंध जुना. १९४० च्या ऑक्टोबरात युद्धविरोधी प्रचाराबद्दल त्यांना पकडण्यात आले आणि अठरा वर्षांच्या या तरुणाने सुमारे वर्षभर धुळ्याचा तुरुंग पाहिला. पुढे आणीबाणीत ते पुन्हा तुरुंगात असताना लोकसभेची मुदत वाढविण्यात आली, तेव्हा लोकांनी पाचच वर्षांसाठी निवडून दिले होते असे म्हणून १९७६ साली त्यांनी जागेचा राजीनामा दिला. हा निकष सार्वजनिक होता. त्यामागचे कारण कोणालाही समजेल असे होते. १९७९ साली दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न त्यांनी लावून धरला आणि जनता पक्ष फुटण्याचा दोष अनेकांनी त्यांच्या माथी मारला. तो दोष अन्यायाचा आहे. एका पक्षात राहून दुसऱ्या संघटनेची शिस्त पाळता येईल काय, हा प्रश्न उघड वादाचा होता व त्यांनी तो उघडपणे लढविला.

परंतु त्यांचा आणखी एक निकष होता. स्वातंत्र्यसैनिकांचे निवृत्तिवेतन त्यांनी घेतले नाही, माजी खासदाराचेही घेतले नाही. हा त्यांचा वैयक्तिक निर्णय होता आणि त्यापुढे मान झुकते. मात्र त्यांच्या नावाने ही गोष्ट जेव्हा सभांतून कसोटी म्हणून सांगितली जाते, तेव्हा श्रोत्यांत कोण बसले आहे हे सांगणाऱ्याने पाहावे. स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाची केंद्रीय योजना १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. तुरुंगात गेल्यामुळे ज्याची शेती पडीक राहिली, शिक्षण तुटले, म्हातारपणी ज्याच्याजवळ विकण्यास श्रमही उरले नाहीत, अशा बेचाळीसच्या माणसाने ते पैसे घेतले तर त्याने कोणता बट्टा लावला? ज्याला लेखणीवर गुजराण करता येते त्याचा नकार आणि ज्याला भूमिहीन म्हणून जगावे लागते त्याचा नकार यांची किंमत सारखी नसते. त्यागाची कसोटी सरसकट लावली की चळवळीत फक्त त्याग परवडणारी माणसे उरतात. समाजवाद्यांच्या जिल्हा समित्यांची जुनी नामावली काढून त्यात भिल्ल, मातंग, शेतमजूर किती आणि वकील, शिक्षक किती, हे कोणी मोजावे म्हणजे या विधानाचा पडताळा येईल.

आणि त्याग करणाऱ्याच्या घरात तो कोण करतो? गुरुजी अविवाहित होते. त्यांच्या मार्गाने जाऊ पाहणारे बहुतेक कार्यकर्ते मात्र संसारी होते आणि आहेत. पूर्णवेळ कार्यकर्ता मानधन नाकारतो तेव्हा त्याची गौरवगीते होतात. त्याची बायको पहाटे उठून कपाशी वेचावयास जाते, शिवणयंत्र चालविते किंवा प्राथमिक शाळेत नोकरी करून त्याचा, त्याच्या पाहुण्यांचा, त्याच्या आदर्शाचा खर्च चालविते, तिचे नाव अहवालात येत नाही. गौरवसमारंभात तिला साडी-चोळी देऊन ‘सावलीसारखी साथ’ असे म्हटले की हिशेब मिटला. दुसऱ्याच्या श्रमावर उभ्या राहणाऱ्या प्रतिष्ठेला समाजवादी भाषेत एक नाव आहे, आणि ते गिरणीमालकाला लावावयाचे व कार्यकर्त्याला लावावयाचे नाही, असा पंक्तिप्रपंच करता येणार नाही. मानधन नाकारण्याचा निर्णय त्या स्त्रीला विचारून झाला होता काय, एवढा एकच प्रश्न सत्काराच्या सभेत विचारून पाहावा.

याच्या नेमके उलट चित्र याच खानदेशात दिसले होते. १९७२-७३ साली शहादे भागात, तेव्हाच्या धुळे व आताच्या नंदुरबार जिल्ह्यात, अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांच्या नेतृत्वाखाली जमिनीचा व मजुरीचा लढा पेटला होता. दुष्काळाची वर्षे होती. शिबिरांत एकत्र आलेल्या आदिवासी स्त्रियांनी तेथे जमिनीबरोबर आणखी एक प्रश्न पुढे आणला: मजुरी वाढली तरी ती दारूत जाते आणि मार आमच्या पाठीवर पडतो. त्या गावोगाव गेल्या, दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. संघटनेतला माणूस असला म्हणून तो सुटला नाही. निकष येथेही वैयक्तिक आचरणाचाच होता, आप धर्मातला होता तोच. परंतु तो कोणा थोर पुरुषाने घालून दिलेला नव्हता. ज्यांनी त्या आचरणाचे चटके सोसले होते त्यांनी तो ठरविला आणि त्यांनीच तो राबविला. पुण्या-मुंबईहून गेलेल्या तरुण कार्यकर्त्यांना या स्त्रियांनी जे शिकविले ते कोणत्याही अभ्यासवर्गात शिकविले गेले नव्हते.

व्यक्तीच्या शुद्धतेवर सगळा भार टाकण्याची आणखी एक किंमत आहे. स्वच्छ माणूस सापडला की हिशेबाची वही मागणे म्हणजे त्याचा अपमान, अशी समजूत होते. जळगावच्या घरकुल प्रकरणाकडे या दृष्टीने पाहावे. नगरपालिकेच्या काळात गरिबांच्या घरांसाठी आखलेल्या योजनेतील गैरव्यवहाराबद्दल २००६ साली महापालिकेच्या आयुक्तांनी फिर्याद दिली, आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावल्या. त्यांत दोन माजी मंत्री होते. निकालावर पुढे अपिले झाली. जे बाहेर आले ते कोणाच्या उपोषणाने किंवा आत्मशुद्धीने आले नाही. ठराव, धनादेश, निविदा आणि सही यांच्या कागदांतून आले. आणि त्या सर्व वर्षांत ‘आमची माणसे स्वच्छ आहेत’ एवढ्याच समाधानात राहिलेल्या छोट्या पक्षांनी पालिकेच्या लेखापरीक्षणाचे अहवाल किती वेळा मागवून वाचले होते? स्वतः पैसा न खाणे हा नागरिकाचा किमान धर्म झाला. विरोधी पक्षाचे काम त्याच्यापुढे सुरू होते, आणि ते कंटाळवाणे, कारकुनी, कोणतेही तेज नसलेले काम असते.

तेव्हा जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या समित्यांनी येत्या ११ जूनला तसबिरीला हार घालावाच. त्यानंतर मात्र भाषणांऐवजी वह्या उघडाव्यात. वर्षभरात वर्गणी किती आली, कोणाला किती मानधन दिले, कोणी नाकारले आणि त्याच्या घरचे कसे चालते, हे सर्वांसमक्ष वाचावे, आणि वाचताना घरच्या स्त्रियांना पुढच्या ओळीत बसवावे. मानधनाचा आकडा समितीने ठरवावा. तो नाकारण्याची मुभा कोणाही एकट्याला असू नये. प्राणांतिक उपोषणाचा निर्धार कोणाच्या मनात आला तर समितीची संमती घेतल्याखेरीज त्याने तो जाहीर करू नये, आणि समितीने १९४६ प्रमाणे आधी सहा महिने गावोगाव फिरण्याचा आग्रह धरावा. जो कार्यकर्ता वर्षानुवर्षे एक दिवसही घरी राहिलेला नाही त्याला सक्तीची रजा द्यावी, आणि त्याचे काम कोणी करावयाचे हे त्याच सभेत ठरवावे.